पहिलीच मापाची मूठ घडवताय? या चुका टाळा

स्पर्धेचं एअर पिस्तूल नवीन हातात आलं की पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात करंगळीखाली काहीतरी टोचू लागतं. तिसऱ्या आठवड्यात अंगठा नक्की कुठे ठेवायचा हेच कळेनासं होतं, आणि महिना भरायच्या आत माणूस कानस आणि काचपेपर घेऊन बसलेला असतो. मीही असाच बसलो होतो. त्या पहिल्या मुठीचा मी जो काही खेळखंडोबा केला, तो आठवूनच हे लिहितोय.

आधी मर्यादा सांगून टाकतो. इथे 'आपलं पिस्तूल घडवणं' म्हणजे दहा मीटरच्या नेमबाजीच्या एअर पिस्तुलाची मूठ (हातात धरायचा लाकडी भाग), पाम शेल्फ (तळहाताखालचा टेकू), साइट (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा), ट्रिगरचं वजन (तो सुटायला लागणारा जोर) आणि तोल, एवढंच. नळी, व्हॉल्व्ह, हवेचा दाब ही कारखान्याची कामं आहेत. तिथे हौशी माणसाने बोट घालायचं नाही.

मूठ हाताला 'छान' वाटावी म्हणून कोरणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

आपण सोफ्यावर बसून पिस्तूल हातात धरतो, मूठ आवळून बघतो, जिथे बोचतं तिथे पेन्सिलची खूण करतो आणि खरवडतो. दोन-तीन दिवसांत मूठ अशी बसते की मापाची चोळी झक मारावी. मग रेंजवर जातो, आणि गोळ्या आधीपेक्षा जास्त विखुरलेल्या. कारण मुठीचं खरं काम हाताला सुख देणं हे नाहीच. डोळे मिटून हात उचलला, दोन श्वास घेतले आणि डोळे उघडले, की पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मधोमध आणि वरच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. मनगट न वाकवता, काहीही न 'जुळवता'. मूठ एवढ्यासाठीच असते.

यावर इतका जोर का, ते आकड्यांत बघा. दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरू. पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर तो फरक साधारण ३१ मिलिमीटर होतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ आठ-आठ मिलिमीटर बाहेर. म्हणजे एका मिलिमीटरच्या गफलतीने गोळी दहावरून थेट सातावर. उलट साइट जुळलेल्या असतील आणि हात थोडा डुलत असेल, तर जेवढं डुलणं तेवढीच चूक. ती वाढत नाही. म्हणून हात थरथरतो याची काळजी कमी करा आणि मनगट वळतं याची जास्त.

इथेच आणखी एक घोळ होतो. साइट जुळलेल्या आहेत पण टार्गेट सोडून भलतीकडे बघताहेत, तर दोष पायांचा आहे. मागचा पाय थोडा सरकवा, अख्खं शरीर वळेल. नेम टार्गेटवर आहे पण पुढची साइट खाचेत एका बाजूला चिकटलेली आहे, तर दोष मुठीचा आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत. पायांच्या दुखण्यावर कानस चालवणारे लोक मी पाहिलेत, त्यात आरशातलाही एक आहे.

माझी गोष्ट: सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे

मी उजव्या हाताने मारतो. नव्या मुठीत अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याखाली लाकूड दाबतंय असं वाटलं, म्हणून तिथून चांगलं दोन मिलिमीटर खरवडलं. हाताला एकदम मोकळं वाटलं. झालं असं की मागचं लाकूड गेल्यामुळे मुठीचा मागचा भाग तळहातात डावीकडे सरकला आणि नळी उजवीकडे वळली. डोळे मिटून हात उचलला असता तर पुढची साइट खाचेत उजवीकडे दिसली असती. पण मी डोळे मिटून बघितलंच नाही. उघड्या डोळ्यांनी हात उचलायचो, साइट उजवीकडे दिसायची, आणि नकळत मनगट डावीकडे वळवून ती मधे आणायचो. पहिल्या तीस गोळ्या ठीक जायच्या. नंतर मनगट थकलं की ते आपल्या मूळ जागी परत जायचं आणि गोळ्या उजवीकडे सरकायच्या. मी मग मागची साइट चार क्लिक (स्क्रूचे चार टप्पे) डावीकडे करायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या मनगटाने मारलं की सगळ्या गोळ्या डावीकडे.

हा खेळ दीड महिना चालला. वहीत रोज क्लिकची नोंद, रोज वेगळी. पेलेट (एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळ्या) बदलून पाहिले, चष्म्याचा नंबर तपासला. शेवटी रेंजवरच्या एका जुन्या नेमबाजाने माझं पिस्तूल नाही, माझं मनगट बघितलं. म्हणाले, "डोळे मीट. हात वर घे. आता उघड." पुढची साइट खाचेच्या उजव्या भिंतीला टेकलेली. त्यांनी पुढे काहीच सांगितलं नाही, चहा प्यायला निघून गेले.

तेव्हा हे लक्षात ठेवा: वेळेनुसार किंवा थकव्यानुसार गोळ्यांची जागा बदलत असेल तर साइटचे स्क्रू फिरवू नका. साइट थकत नाहीत.

कुठे भर, कुठे घट

उजव्या हाताच्या माणसासाठी ढोबळ हिशेब असा. डाव्या हातासाठी डावं-उजवं उलटं करा. अंगठ्याच्या उंचवट्याखाली भर घातली की मुठीचा मागचा भाग उजवीकडे ढकलला जातो आणि नळी डावीकडे जाते. तिथलं लाकूड काढलं की उजवीकडे. वर-खाली करायचं असेल तर मुठीच्या पाठीकडे बघा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यापाशी, म्हणजे पाठीच्या वरच्या भागात भर घातली की नळी खाली झुकते. तळहाताच्या टाचेपाशी, खालच्या भागात भर घातली की नळी वर उठते. पुष्कळ आधुनिक पिस्तुलांत मुठीचा कोनच स्क्रूने बदलता येतो. तुमच्या पिस्तुलात ती सोय असेल तर कानस उचलायच्या आधी ती पूर्ण वापरा. लोक मॅन्युअल न वाचता लाकूड कापतात आणि मग कळतं की एलन की (स्क्रूची षटकोनी चावी) अर्धा फेरा फिरवली असती तरी भागलं असतं.

आधी घट, मग भर: उलटा क्रम

लाकूड काढलं की गेलं. म्हणून पहिला नियम: आधी भर घालून बघा. तीही कायमची नको. साधी कापडी चिकटपट्टी दोन-तीन पदर लावा, त्यावर आठवडाभर मारा. बरं वाटलं तर पुटी (सुकल्यावर कडक होणारा लगदा) भरा. नाही वाटलं तर पट्टी ओढून काढा, नुकसान शून्य.

खरवडायचंच असेल तर कुठे, हे हाताला विचारू नका. हात खोटं बोलतो. माझी पद्धत अशी: तळहातावर खडूची पूड किंवा स्वस्तातली लिपस्टिक पातळ चोळायची, पिस्तूल नेहमीसारखं धरायचं, हात उचलून नेम धरायचा, एक रिकामा शॉट (पेलेट न घालता ट्रिगर दाबून) घ्यायचा आणि मूठ सोडायची. लाकडावर रंग गडद कुठे उमटला, फिका कुठे आणि मुळीच कुठे नाही, ते बघायचं. माझ्या पहिल्या मुठीवर सगळा रंग मधल्या बोटाच्या पेराखाली एका पट्ट्यात आणि अंगठ्याच्या टोकाशी होता. तळहाताच्या मध्यभागी लाकूड कोरं. म्हणजे अख्खं पिस्तूल मी दोन ठिकाणी चिमटीत धरत होतो. दुखत होतं अंगठ्याजवळ, पण कमतरता होती तळहातात. दुखतं तिथलं काढण्यापेक्षा कोरं राहिलं तिथे भरणं हा उपाय होता.

दाब कुठे असावा याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगेल, पण एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत आहे: मधलं बोट आणि अनामिका मूठ सरळ मागे, तळहातात ओढतात. करंगळी सोबतीला. अंगठा फक्त टेकलेला, दाबत नाही. दाब पुढून मागे, बाजूने नाही. रंगाची चाचणी हे सगळं कागदावर काढल्यासारखं दाखवते.

पुटीत हात आवळणं

दोन भाग कालवून होणाऱ्या इपॉक्सी पुटीने भर घालायची पद्धत छान आहे, पण नवखा माणूस पुटी लावतो, टेबलाशी बसतो आणि मूठ जोरात आवळतो. 'ठसा नीट उमटू दे' म्हणून. ठसा नीट उमटतो, पण आवळलेल्या मुठीचा. नेम धरताना कोणी तेवढं आवळत नाही, त्यामुळे ती पुटी सुकल्यावर बोटं आपल्या खाचा शोधत बसतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी सापडतात.

ठसा उभं राहूनच घ्यायचा. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा. हातावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा. ओली पुटी कातडीला चांगली नाही, चिकटते तीही बेकार. धातूच्या भागांवर चिकटपट्टी लावा, नाहीतर पुटी फ्रेमच्या फटीत जाऊन बसते आणि मग मूठ सुटतच नाही. लाकडाच्या पृष्ठभागाला दोन-चार उथळ भोकं पाडा, म्हणजे पुटीला धरायला जागा मिळेल. गुळगुळीत पॉलिशवर लावलेली पुटी पहिल्या महिन्यातच टवका होऊन निघते. मग जागेवर उभे राहा, टार्गेटकडे हात उचला, बोट ट्रिगरवर ठेवा, नेहमीच्या दाबाने धरा, खाली घ्या. पुन्हा उचला. असं सहा-सात वेळा. हात पूर्ण सोडायचा, पुन्हा धरायचा. शेवटी जो ठसा उरतो तो सरासरीचा असतो. पुटी हातात कडक होईपर्यंत थांबू नका; घट्ट होताना ती गरम होते. थोडी आवळली की हात काढून घ्या.

आणि पातळ थर. एका वेळी मिलिमीटरभर. मी एकदा कंटाळून भाकरीएवढा गोळा थापला होता. दुसऱ्या दिवशी मुठीला सुरण उगवल्यासारखं दिसत होतं आणि ते कापायला दोन संध्याकाळी गेल्या.

गार हाताचं माप

हात दिवसभर एका मापाचा नसतो. सकाळी गारठ्यात बोटं बारीक असतात. उकाड्यात, किंवा चाळीस गोळ्या मारून झाल्यावर ती फुगतात. अंगठी घालणाऱ्याला हे सांगायला नको. रविवारी सकाळी घरात बसून गार हाताने मूठ अगदी काटेकोर बसवली, तर स्पर्धेत तिसऱ्या मालिकेपासून (दहा गोळ्यांची एक मालिका) ती चावायला लागते. म्हणून खरवडायचं काम वीसेक गोळ्या मारून झाल्यावर, हात गरम असताना करा. जरा सैल राहिलेली मूठ परवडते, घट्ट नाही.

पाम शेल्फचंही हेच. तळहाताखालचा हा सरकता टेकू वर दाबून घट्ट केला की पिस्तूल 'लॉक' झाल्यासारखं वाटतं आणि नवख्याला तेच हवं असतं. दहा मिनिटांत करंगळीला मुंग्या येतात आणि पुढच्या साइटच्या टोकावर आपली नाडी उडताना दिसते. शेल्फ तळहाताच्या कडेला नुसता लागेल एवढाच आणा. मी मूठ धरून शेल्फ वर सरकवतो, लागला असं वाटलं की किंचित मागे घेतो आणि मग स्क्रू कसतो. एकदा जागा ठरली की लाकडावर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. स्क्रू ढिला होऊन शेल्फ दोन मिलिमीटर खाली उतरला तर तुम्हाला ते कळणार नाही, पण गोळ्यांना कळेल.

तर्जनीला जागा न ठेवणं

ट्रिगर दाबणारं बोट मुठीच्या लाकडाला कुठेही घासता कामा नये. बोटाची बाजू लाकडाला लागली की ट्रिगर सरळ मागे न येता बोट पिस्तुलालाच बाजूला ढकलतं. बोट आणि मूठ यांच्यामधून जाड कागद सहज फिरला पाहिजे. इथे मात्र बिनधास्त खरवडा. या एका जागेबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकतं, ते विसरू नका. मूठ जाड केली की तळहात मागे जातो आणि बोट आखूड पडतं. मग माणूस बोट पोहोचवण्यासाठी हात मुठीवर गोल फिरवतो आणि बेचकं मधोमध राहत नाही. मुठीत बदल केला की ट्रिगरची लांबी पुन्हा बघायची, हे जोडीनेच करायचं काम आहे. पहिल्या पेराच्या गादीचा मधला भाग पात्यावर यायला हवा, सांध्याची घडी नाही.

नियमाची पेटी

छंदासाठीच मारत असाल तर हा भाग सोडून द्या. पण कधीतरी स्पर्धेत उतरायचं असेल तर आताच वाचा, कारण इथे चांगल्या चांगल्या मुठी बाद होतात.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. वजन १५०० ग्रॅमपर्यंत. ट्रिगरचं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम. यात लांबी-उंचीने सहसा कोणी अडत नाही. अडतात ते ५० मिलिमीटरवर. पाम शेल्फ एका बाजूला, अंगठ्याचा टेकू दुसऱ्या बाजूला, त्यावर आपण प्रेमाने थापलेली पुटी. बघता बघता मूठ ५३ वर जाते. पुठ्ठ्याची एक पेटी घरी करून ठेवा. दोन फळ्या ५० मिलिमीटर अंतरावर उभ्या केल्या तरी चालतं.

याशिवाय मनगट मोकळं दिसलं पाहिजे; मूठ हाताला वेढून आधार देणारी नको. शेल्फचा मुठीशी असलेला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, म्हणजे शेल्फ वर उचलून हात कपात ठेवल्यासारखा करायचा नाही, आणि त्याची कडही वर वळवायची नाही. अंगठा वरच्या दिशेने मोकळा सुटला पाहिजे. पुटीच्या सहाव्या थरानंतर हे सगळं नकळत मोडलं जातं, कारण हाताला नेमकं तेच हवं असतं जे नियमाला नको असतं.

ट्रिगर: 'जितका हलका तितका बरा'

पाचशे ग्रॅम ही किमान मर्यादा आहे, म्हणून बरेच जण नेमका पाचशेवर आणून ठेवतात आणि तपासणीच्या टेबलावर वजन टांगलं की ट्रिगर सुटतो. पाच-दहा ग्रॅम तरी वर ठेवा. घर्षण, धूळ, झीज यांनी तेवढा फरक पडतोच. आणि मोजायचं ते ट्रिगर तपासायचं वजन टांगून, अंदाजाने नाही.

दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये एकूण वजनाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यात घेतला तर दुसरा टप्पा हलका आणि स्वच्छ लागतो. पण नवखा माणूस दुसरा टप्पा इतका हलका करतो की भिंत (पहिला टप्पा संपून ट्रिगर अडतो ती जागा) कुठे लागली ते बोटाला कळतच नाही आणि हात खाली आणतानाच गोळी सुटते. पहिले काही महिने दुसरा टप्पा स्पष्ट जाणवेल असाच ठेवा. कारखान्याने लावून दिलेली जागा वहीत लिहून ठेवा, कुठला स्क्रू किती फेरे फिरवला तेही. मूळ जागी परत येण्याची वाट माहीत नसेल तर स्क्रूला हातच लावू नये, असं मला वाटतं.

साइटच्या स्क्रूवरची अक्षरं

हे थोडक्यात, पण याने कित्येक संध्याकाळी वाया गेल्यात. काही युरोपीय बनावटीच्या पिस्तुलांत मागच्या साइटच्या स्क्रूवरची अक्षरं 'गोळी कुठे गेली' ते सांगतात, 'कुठे न्यायची' ते नाही. जर्मन बनावटीवर 'एच' आणि 'टी' दिसलं तर ते होख आणि टीफ, म्हणजे वर आणि खाली. गोळी वर जातेय, तर 'एच'कडे फिरवा, अशी ती रीत. उलटा अर्थ घेतला की प्रत्येक दुरुस्तीने गोळी दुप्पट लांब जाते आणि माणूस पिस्तुलाला शिव्या घालतो. मॅन्युअल बघा, मग दहा क्लिक फिरवून पाच गोळ्या मारा आणि खात्री करा.

पुढची साइट अगदी बारीक घ्यायचा मोहही टाळा. बारीक साइट अचूक वाटते, पण खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना इतका उजेड राहतो की ती मधे आहे की नाही ते डोळ्याला ठरवता येत नाही.

वजनं लावणं

नळीखाली वजन लावलं की पुढचा भाग स्थिर वाटतो. दहा गोळ्यांपर्यंत वाटतोच. पण पात्रता फेरी ६० गोळ्यांची असते, ७५ मिनिटांत, त्याआधी तयारी आणि सरावाची १५ मिनिटं वेगळी. खांदा पन्नासाव्या गोळीला काय म्हणतो ते बघून वजन ठरवा. नवीन मूठ आणि नवीन वजन एकाच दिवशी तर कधीच नको, कारण मग गोळ्या सुधारल्या किंवा बिघडल्या तर श्रेय कुणाला द्यायचं तेच कळत नाही. एका वेळी एकच बदल, आणि त्यावर किमान दोन-तीन दिवसांच्या गोळ्या. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप हा योगायोग असतो.

हवेशी खेळ

मुठीचं काम करताना पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढून ठेवा. नळीत पेलेट नाही हे बघा, मग मूठ सोडवा. रोजचं आहे म्हणून हे टाळणारे भेटतात.

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. त्याच्या जोडाला साधं मशीनचं तेल किंवा ग्रीस लावणं ही मूर्खपणाची चूक आहे. इतक्या दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. कारखाना सांगेल तेच वंगण, तेही तेवढंच. बहुतेक सिलिंडरवर मुदत छापलेली असते, साधारण दहा वर्षांची. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही भरू नये. जोडातून हवा गळतेय असं वाटलं तर आधी बाहेरची रबरी चकती बघा. त्याच्या आत काही असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवा.

बिघाड शोधताना

गोळ्या अचानक विखुरल्या, तर पहिला संशय मुठीच्या स्क्रूवर घ्या. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आकसतं, आणि काल कसलेला स्क्रू आज पाव फेरा ढिला असू शकतो. नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळून बघा. टक् असा बारीक आवाज आला की तेच. मग मागच्या साइटचा स्क्रू, पुढची साइट, शेल्फ. हे सगळं घट्ट असेल तर पिस्तूल क्लॅम्पमध्ये धरून पाच गोळ्या मारता येतात का बघा. चांगलं पिस्तूल पाचही गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून काढतं. काढल्या, तर दोष आपला, विषय संपला. नाही काढल्या, तर पेलेट बदला. पेलेटच्या डोक्याच्या मापात शतांश मिलिमीटरचे फरक असतात, पण त्यांच्या नादी क्लॅम्पची चाचणी केल्यानंतरच लागायचं.

गोळ्या उभ्या रेषेत पसरत असतील तर बहुधा हात मुठीवर दर वेळी वेगळ्या उंचीवर बसतोय. बेचकं वर टेकतं तिथे मूठ नीट भरलेली आहे का बघा. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील तर तर्जनी लाकडाला घासते किंवा ट्रिगरबरोबर अख्खा हात आवळला जातोय. एखादीच गोळी भलतीकडे आणि बाकी नऊ एकत्र, तर मुठीला हात लावू नका.

ऐन वेळी यंत्र दगा देतं हे खरंच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत भारताची नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. ते तिच्या हातात नव्हतं. पण मुठीचा ढिला स्क्रू आपल्या हातात आहे, म्हणून दर सत्राआधी एलन की फिरवून बघायची.

पॉलिशची घाई

शेवटचं. मूठ झाली असं वाटलं की लगेच वॉर्निश मारायची हौस येते. चकचकीत वॉर्निशवर घामट हात साबणासारखा सरकतो, आणि वर पुन्हा काही भरायचं तर आधी ते सगळं घासून काढावं लागतं. महिनाभर मूठ कच्चीच ठेवा. पुटीचा राखाडी, लाकडाचा तपकिरी, पेन्सिलच्या रेघा, सगळं तसंच. कोणी हसलं तर हसू दे. महिन्याभरात घामाने आणि मळाने लाकडावर आपोआप डाग पडतात. कुठे काळं पडलं आणि कुठे नाही, ते पुन्हा एकदा खडूच्या चाचणीसारखंच दाखवतं. मग बारीक काचपेपर, धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क, आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. माझी तिसरी मूठ अजून त्या कच्च्या अवस्थेतच आहे. अनामिकेखाली एक जागा अजून कोरीच दिसते, तिथे येत्या रविवारी चिकटपट्टीचा एक पदर लावून बघायचाय.